काठोकाठ भरलेला पेला

अक्कांच्या ओट्यावर कुणी चपला काढल्या की त्या लगेच उचलायच्या, उलट्या करायच्या, डोळ्यांजवळ नेऊन तळ बघायच्या आणि मगच "ये, बठ" म्हणायच्या. हा मान फक्त माझ्यासारख्या भाडेकरणीला होता असं नाही. पोस्टमन, गॅसवाला, मुलीला बघायला आलेले सुरतचे पाहुणे, कुणाचीही सुटका नव्हती. एकदा महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार हात जोडून ओट्यावर चढला. त्याची चप्पल बघून अक्का म्हणाल्या, "बठ्ठा वार्डमा पायी फिरना म्हनस, मंग तळ कोरा कसा?" त्याच्या बरोबरचे कार्यकर्ते हसले आणि तो बिचारा मत न मागताच खाली उतरला.

मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत नोकरी लागली आणि खोली शोधत मी अक्कांच्या दारात उभी राहिले. माझं नाव, गाव विचारायच्या आधी त्यांनी माझी चप्पल हातात घेतली. ओट्यावरच्या लाकडी बाकावर त्या बसल्या होत्या. गोल चेहरा, कपाळावर मोठं कुंकू, आणि पायाची बोटंही झाकतील इतकं खाली सोडलेलं लुगडं.

"तू डाव्या टाचवर जास्ती जोर देस," त्या म्हणाल्या. "भलती घाईनी शेस. खोली साफ ठेवशी, पन दार लोटानं भुलशी."

खोली मिळाली. दुसऱ्याच दिवशी दार उघडं राहिलं आणि मांजर दूध पिऊन गेलं. त्यामुळे बरेच दिवस मी अक्कांना अंतर्ज्ञानी समजत होते. पुढे लक्षात आलं की त्यांचे निम्मे अंदाज साफ चुकतात. एका विमा एजंटाची चप्पल पुढून झिजलेली बघून त्यांनी "हाऊ एक दिन पयी जायी" असं जाहीर केलं आणि खोली नाकारली. तो शेजारच्याच घरात भाड्याने राहिला, तिथेच त्याला मुलं झाली, आणि पळून जाण्याचं त्याचं अजून काही दिसत नाही. माझं लग्न फार उशिरा होणार, हेही त्यांनी चपलेवरून माझ्या आईला सांगितलं होतं. आई डोळे पुसत भुसावळच्या गाडीत बसली. पुढच्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. अक्कांना त्यात चुकल्यासारखं काही वाटलं नाही. "चप्पल बदलाडी व्हयी तुनी," एवढंच म्हणाल्या.

माझ्या लग्नाला त्या आल्या नाहीत. त्या कुणाच्याच लग्नाला जात नसत. आहेर घरी बोलावून देत, वर कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत जेवायला घालत. ज्याला निरोप जायचा तो गुमान येऊन जेवून जायचा, कारण अक्कांच्या हातचं भरीत सोडून लग्नाच्या मांडवात बसणारा माणूस आमच्या गल्लीत तरी नव्हता.

गल्लीत त्यांना मागून महाराणी म्हणत. त्याला कारणही होतं. पाहुणा येईल तेव्हा अक्का बाकावर आधीच बसलेल्या असत आणि तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत सहसा उठत नसत. कुठे बरोबर जायची वेळ आली तर दारातच थांबून म्हणत, "तू पुढे व्हय, मी मांगून येस." भाजीवाली असो की शाळेच्या मुख्याध्यापिका असोत, सगळ्यांनी पुढे व्हायचं आणि अक्का मागून यायच्या. मागे वळून बघितलेलं त्यांना खपत नसे. मी एकदा बघितलं तर जागच्या जागी उभ्या राहून त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की पुन्हा माझी मान वळली नाही.

आणि तो पेला. अक्का कुणासमोर उठून चालल्या तर त्यांच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी पेला असे. आलेल्याला पाणी द्यायचं, हे ठीक. पण त्या पेला घेऊन तुळशीपाशी जात, मागच्या दारी जात, शेजारी हळदीकुंकवाला गेल्या तर तिथल्या माठातून पेला भरून मागत आणि मगच उठत. पाणी पीत मात्र नसत. पेल्यावर नजर ठेवून, खाली मान घालून, एक एक पाऊल टाकत जायच्या आणि थेंब सांडायचा नाही. कुणी म्हणे अक्कांचं व्रत आहे, कुणी म्हणे त्यांना साखरेचा आजार आहे, घसा कोरडा पडतो. मी आपली समजत होते की हा नुसता तऱ्हेवाईकपणा आहे आणि तो त्यांना शोभतो.

माझी खोली वरच्या मजल्यावर होती. पहाटे अक्का अंगण झाडायच्या तेव्हा गल्लीत कुणी नसायचं, हातात पेलाही नसायचा. गॅलरीतून दिसायचं की डावा पाय टेकला की त्या बाजूला कलतात. किंचितच. गल्लीतल्या आणखी कुणाकुणाला ते दिसलं असेल, पण अक्कांपुढे तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचे यजमान, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते एसटीच्या डेपोत कारकून होते. अण्णा म्हणजे अगदी अबोल माणूस. सगळी गल्ली अक्कांना घाबरते हे त्यांना कौतुकाचं वाटायचं, असं त्यांच्या मिशीखालच्या हसण्यावरून मला वाटे. चैत्रात दोघं नदीकाठच्या देवीच्या दर्शनाला जात. अण्णा हातात पूजेची पिशवी घेऊन पुढे, अक्का पेला घेऊन मागे. पांझरेच्या पुलावर अण्णा मध्येच थांबत आणि कठड्याला टेकून पाण्याकडे बघत. पाणी असो नसो, ते बघतच राहत. तेवढ्यात अक्का जवळ येत. मग अण्णा पुन्हा चालू लागत. दरवर्षी दिवाळीच्या आधी ते अक्कांसाठी चपलांचा नवा जोड आणत आणि काही न बोलता बाकाखाली ठेवून देत.

माझं लग्न झालं, आम्ही देवपुरातच फ्लॅट घेतला, तरी अक्कांकडे माझं जाणं सुटलं नाही. त्या मला अखेरपर्यंत मास्तरीणच म्हणत राहिल्या. अण्णा गेले तेव्हा अक्का रडल्या नाहीत. आलेल्यांच्या चपला बघितल्या नाहीत, एवढाच फरक पडला. नंतर तीही सवय परत आली. पण दिवाळीला नवा जोड आला नाही. अक्का तीच जुनी चप्पल घालत राहिल्या. दुसरी दिवाळी गेली, तिसरी गेली, आणखीही गेल्या. मी एकदा म्हटलं, "अक्का, चला, बाजारातून नवीन चप्पल घेऊ." त्या म्हणाल्या, "हाई चांगली शे." पुढच्या खेपेला मीच एक जोड विकत आणून बाकाखाली ठेवला. तो त्यांनी भांडी घासणाऱ्या बाईला देऊन टाकला.

मग त्यांचं दुखणं सुरू झालं. आधी जिना बंद झाला. मग खाली बसणं बंद झालं, आणि भाकरी थापायला स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहणंही जड जाऊ लागलं. न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची आली. विचारलं की "माले काय बी व्हयेल नही" हे उत्तर ठरलेलं. एका सकाळी मी गेले तर त्या अंगणात बसलेल्या दिसल्या. झाडू हातात, तुळशीच्या कट्ट्याला टेकलेल्या. बसलेल्या नव्हत्या, पडल्या होत्या आणि उठता येत नव्हतं. मला बघून म्हणाल्या, "ऊन खाई ऱ्हायनू."

त्यांची मुलगी सुरतेला असते. तिला कळल्यावर ती धावत आली, हाडांच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. खुब्याचा सांधा झिजलाय, आधी फिजिओथेरपीची तपासणी करून उपचार सुरू करा, मग पुढचं बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं. अक्का नाही म्हणाल्या. तेव्हा मुलीने एकदाचं सांगून टाकलं, "आई, उपचार घेतले नाहीस तर हे घर बंद करून मी तुला सुरतेला नेणार. मग रडलीस तरी ऐकणार नाही." सुट्टी संपली म्हणून ती परत गेली आणि जाताना मला म्हणाली, "ताई, आता तुमच्यावर आहे."

अक्कांचा जीव त्या घरात होता. ओटा, बाक, तुळस आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला. सुरतेच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोण चपला काढून त्यांच्यापुढे ठेवणार होतं? "माले सुरतले जानं नही," त्या म्हणाल्या. "चाल, दखाडू तुन्या डॉक्टरले पाय."

फिजिओथेरपीच्या दवाखान्यातली तपासणारी मुलगी पंचविशीतली होती. रावेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याची पोर, बोलायला मोकळी. तिने अक्कांना खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "आजी, कुठे कुठे दुखतं?"

"आजी व्हयी तुना घर. माले अक्का म्हन."

"बरं अक्का, जिना चढता येतो का?"

"येस."

"खाली मांडी घालून बसता येतं?"

"येस."

"रात्री कूस बदलताना दुखतं?"

"नही."

मी शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होते. इतकं सरळ तोंडाने खोटं बोलणारं माणूस मी वर्गातसुद्धा पाहिलं नव्हतं. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं तर अक्कांनी पदराआडून माझ्या हाताला चिमटा काढला. त्या मुलीने तो बघितला असावा. तिने हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायला सांगितलं. अक्का पदराखाली कोपर टेकून उठल्या. तिने खाटेवर झोपवून डावा गुडघा हळूहळू पोटाकडे दुमडला. तो अर्ध्यातच अडला. अक्कांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त पदराचं टोक दातात गेलं.

"आता उभं राहून इथून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा," ती म्हणाली.

हे ऐकलं आणि अक्का बदलल्याच. त्यांनी पदर नीट केला, लुगडं खाली ओढून घोट्यांवर आणलं, मान खाली घातली. सत्तरी उलटलेली ती बाई मला क्षणभर कुणी वेगळीच वाटली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तरीन, माले एक गिलास पानी दे. काठोकाठ भर."

मी कोपऱ्यातल्या फिल्टरमधून ग्लास भरून दिला. तो दोन्ही हातांत धरून अक्का चालू लागल्या. पाण्यावर नजर, लहान लहान पावलं. भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. एक थेंब सांडला नाही आणि पाय कुठे कमी पडतोय हे दिसलं नाही. कपाळावर मात्र घाम आला होता.

त्या मुलीने ग्लास त्यांच्या हातातून घेतला आणि टेबलावर ठेवला. "छान," ती म्हणाली. "आता हात मोकळे सोडा. घरात एकट्या असताना चालता ना, तसं चाला."

"पानी कसाले लिधं?"

"पाणी नंतर देते."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तरीन, तू पुढे व्हय."

पुढे व्हायला त्या खोलीत जागाच नव्हती. पुढे भिंत होती. मी उठले आणि काय करावं ते न कळून तशीच उभी राहिले.

"कुणी पुढे नाही जायचं अक्का," ती मुलगी म्हणाली. "मला बघायचंच आहे. न बघता मी व्यायाम दिला तर ज्या सांध्याला आराम हवा त्याच्यावरच जोर पडेल. आहे ते पण बिघडेल."

"पोरगी देखाना कार्यक्रम शे का हाऊ?" अक्कांचा आवाज चढला. "चालीसन दखाड, वयीसन दखाड."

"नाही हो. इथे पसंत-नापसंत काही नसतं."

अक्का तशाच उभ्या राहिल्या. बाहेर दुसरे पेशंट आले होते, त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मुलीने घाई केली नाही. मला मात्र वाटत होतं की आता या बाई दार उघडून निघून जाणार, आणि मग सुरत. तसं झालं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. पण त्यांनी डोळे मिटले आणि पाऊल टाकलं.

डावा पाय टेकला की सगळं अंग त्या बाजूला खाली जात होतं आणि पुढचं पाऊल उचलायला खांदा वर फेकावा लागत होता. गॅलरीतून जे किंचित दिसायचं ते आता इतकं वाढलं होतं याची मला कल्पना नव्हती. अर्ध्या वाटेत त्यांचा उजवा हात आपोआप पुढे आला आणि बोटं वळली. हातात पेला नव्हता, तरी त्या तो धरून चालत होत्या. भिंतीपाशी पोचल्यावर त्या वळल्या नाहीत. भिंतीकडेच तोंड करून उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते मी लपवलं नाही.

मुलीने त्यांना धरून खाटेवर आणलं आणि टेपने कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. "हा पाय लहानपणापासून आखूड आहे," ती म्हणाली. "चपलेत काही घालत होता का?"

मी बाहेर जाऊन त्यांची चप्पल आणली. इतक्या वर्षांत त्यांनी सगळ्या गावाच्या चपला उलट्या केल्या, त्यांची चप्पल उलटी करायचं धाडस कधी कुणाला झालं नव्हतं. डाव्या चपलेत चामड्याची एक पट्टी जास्त होती. ती टाचेपाशी पार झिजून कागदासारखी झाली होती आणि निघू नये म्हणून कुणीतरी घरच्या सुईने काळ्या दोऱ्याचे टाके घातले होते. टाके अक्कांचे होते.

त्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून अक्का बोलल्या. मी विचारलं नव्हतं.

"आमनं गाव एरंडोलकडे. लहानपने ताप उना आनि पाय आखूड ऱ्हायी गया. मायले एकच घोर, ह्या पोरनं लगीन कसं व्हयी. मंग तिनी आंगनमा माले चालाले शिकाडं. हातमा भरेल गिलास देये. म्हने, पानी सांडनं नही पाहिजे. पानी नही सांडनं म्हनजे पाय दिसत नही."

"आणि अण्णा बघायला आले तेव्हा?"

"मी पानी लिसन गऊ. एक थेंब सांडना नही. बठ्ठासनी पसंत करं." त्यांनी बाकाखालची चप्पल पायाने जवळ ओढली. "लगीननंतर आठ दिन बी व्हयनात नही. मी सयपाकघरना दारमातून देखं. ह्यासनी मनी चप्पल उचली, पलटाडी, देखी, आनि तठेच ठेई दिनी. माले वाटनं, आते माले माहेरले धाडतीन. सांजले नवी चप्पल लई उनात. डाव्या चपलले मजार एक पट्टी जास्ती. 'घालीसन देख,' इतलंच बोलनात."

"मग तुम्ही काय बोललात?"

"काय बोलनं? ते बोलनात नही, मी बी नही. दर सालले चप्पल ये. पट्टी लायेल ऱ्हाये."

माणसाची चप्पल उलटी करून बघितली की त्याचं सगळं कळतं, हे त्या कुठून शिकल्या ते मला तेव्हा कळलं. अण्णा गेल्यावर नवा जोड का नाही घेतला, हे विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं.

"मोचीले सांगनं पडी," अक्का म्हणाल्या. "काय सांगू? मी लंगडी शे म्हनीसन?"

तेवढ्यात सुरतेहून फोन आला. मी मुलीला तपासणीचं सांगत होते, तर अक्कांनी फोन हातात घेतला. बहुतेक त्यांनी ठरवलं असावं की आता एकदा उघड्या पडलोच आहोत तर पोरीलाही सांगून टाकू. "बेटा, मना डावा पाय जन्मभर आखूड शे. तुले कधी बोलनू नही." पलीकडून मुलीचा आवाज मलाही ऐकू आला. "आई, मला लहानपणापासून माहीत आहे. आत्याला, काकांना, सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुला आवडत नाही म्हणून अण्णांनी आम्हाला सांगितलं होतं, आईपुढे व्हायचं, मागे बघायचं नाही."

अक्कांनी फोन बाकावर ठेवला. तो चालूच होता, मुलगी पलीकडून हाका मारत होती. अंगणात अंधार पडायला लागला होता, कुणीतरी गल्लीतून सायकल हातात धरून चाललं होतं.

"बठ्ठासले मालूम व्हतं," अक्का म्हणाल्या. "मंग मी इतला वरीस पानी कोनसाठे धरं?"

आम्ही सगळ्यांनी त्यांचा मान राखला होता, आणि त्यापायी एक बाई आयुष्यभर एकटीच पाणी सांभाळत राहिली.

उपचार सुरू झाले. मी नवा जोड आणला, मोच्याकडून डाव्या चपलेत पट्टी बसवून घेतली. या वेळी अक्कांनी तो भांडीवाल्या बाईला दिला नाही. ती फिजिओथेरपीवाली मुलगी घरी येऊन व्यायाम करून घ्यायची. पहिल्या दिवशी तिच्याही चपलेची तपासणी झाली आणि "तू दमी जास पन बोलत नही" असा निकाल मिळाला. तो अंदाज बरोबर निघाला असावा, कारण तिने चप्पल अक्कांच्या हातातून हळूच काढून घेतली. निघताना मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "पट्टी वेळेवर बदलत राहिली असती तर सांधा इतका झिजला नसता हो. आता दुखणं कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही."

दुखणं कमी झालं. थंडीत अक्का रिकाम्या हातांनी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊ लागल्या, कलत, खांदा उडवत, मी शेजारून. "पुढे व्हय" म्हणायचं त्या विसरल्या नव्हत्या, फक्त म्हणत नव्हत्या. एकदा विमा एजंट समोरून आला आणि त्याने नेहमीसारखी मान दुसरीकडे वळवली. अक्का थांबून त्याला म्हणाल्या, "देख ना रे, देख. काय व्हस?" तो बिचारा कसनुसा हसला. मला वाटलं, आता या बाईला अजून पाचदहा वर्षं मिळायला हवीत. पांझरेच्या पुलावरून आम्ही चैत्रात देवीला जायचं ठरवलं होतं.

चैत्र लागायच्या आधीच एका दुपारी अक्का झोपेत गेल्या. उशाशी चष्मा, खाटेखाली चपला, सगळं जागच्या जागी. आम्ही बायका गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. त्या दिवशी पहिल्यांदाच अक्का पुढे होत्या आणि आम्ही सगळे मागे.

आमच्याकडे तेराव्याला गेलेल्या माणसाच्या नावाने चपला, छत्री, अंथरूण दान देतात. पुढची वाट तापलेली असते, पाय भाजू नयेत म्हणून. मुलगी आदल्या दिवशी बाजारातून चपला घेऊन आली. ओट्यावर बसून तिने त्या पिशवीतून काढल्या आणि आईसारख्याच उलट्या केल्या. तळ अर्थात कोरे होते. मग दोन्ही चपला शेजारी शेजारी धरून ती बघत राहिली. उठली आणि अनवाणीच कोपऱ्यावरच्या मोच्याकडे गेली. परत आली तेव्हा डाव्या चपलेत एक पट्टी जास्त होती.

तिचे म्हातारे काका बाकावर बसले होते. ते म्हणाले, "अशी खालवर चप्पल दानमा कोन ली बेटा? लेनारीनी कशी घालानी?"

"घेणारीला दुसरी आणू, काका," ती म्हणाली. "ही आईची आहे."

तिने तो जोड आत नेऊन दिव्याशेजारी ठेवला. तिथे पाण्याचा पेला ठेवलेला होता, अक्कांचाच पितळी पेला, आणि पोरीने तो काठोकाठ भरला होता. मी तो उचलला, अंगणात जाऊन अर्धं पाणी तुळशीला घातलं आणि उरलेला पेला परत जागेवर ठेवला. ती माझ्याकडे बघत होती.

"राहू दे अर्धाच," मी म्हटलं. "आता त्यांना सांभाळत चालायचं नाहीये."